शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक आहे, पण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही

नववी_ब | २३ जून, रात्री ९:४०

नमस्कार. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी शाळा पेठेत आहे, नदीच्या जवळ. नाव सांगत नाही. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या मागे एक लांबट खोली आहे, तेच ग्रंथालय. नऊ कपाटं. पाच लोखंडी, चार लाकडी, काचेच्या दारांची. दोन कपाटांच्या किल्ल्या हरवल्यात. बाकीच्या शिपाई मामांकडे असतात आणि मामा बहुतेक वेळा बँकेत गेलेले असतात.

डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि मैत्रीण आकाशदर्शनावर करतोय. शहरातून किती तारे दिसतात आणि लांब गावाकडून किती, असं मोजायचं आहे. त्यासाठी नक्षत्रांचे नकाशे असलेलं मराठी पुस्तक हवं होतं. ग्रंथालय बघणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "आहे. शंभर टक्के आहे. पण कुठे आहे ते बघायला लागेल." त्याला आता आठ दिवस झाले.

शेवटी परवा त्यांनी आम्हाला मधल्या सुट्टीत आत सोडलं. एका कप्प्यात ओळीने काय होतं सांगते: जुन्या अभ्यासक्रमाचं भूमितीचं गाइड, मधुमेहींच्या आहारावरचं पुस्तक, एका क्रांतिकारकाचं चरित्र, परत तेच चरित्र, इंग्रजी व्याकरण, आणि पाठीला काहीच न लिहिलेली सहा पुस्तकं. विश्वकोशाचे खंड तीन कपाटांत मिळून आहेत. त्यातला एक कपाटात नाहीच, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून ती त्याने अडवून ठेवली आहे.

मी म्हटलं, सर, आम्ही चार मुली मिळून लावून देऊ का? तर म्हणाले, "हात लावू नका, क्रम बिघडेल."

क्रम कुठे आहे तेच तर मला कळत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा.

पेठेतला_आगाऊ | २३ जून, रात्री १०:०५

"हात लावू नका, क्रम बिघडेल" ही पाटी करून शाळेच्या दारावर लावा. बाकीच्या पेठांतूनही मागणी येईल.

अवांतर: जूनमध्ये पुण्यात तारे? ढग मोज की रे.

नववी_ब | २३ जून, रात्री १०:११

प्रदर्शन डिसेंबरात आहे असं वरच लिहिलंय काका. आणि मी "रे" नाही, "गं" आहे.

पेठेतला_आगाऊ | २३ जून, रात्री १०:१४

_/\_ चूक मान्य.

कोथरूडची_पालक | २४ जून, सकाळी ७:३०

अगं, एवढा जीव कशाला काढतेस? अप्पा बळवंत चौकात जा, अर्ध्या तासात पुस्तक हातात. नाहीतर नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहे, १९११ पासूनचं. आईबाबांच्या नावावर वर्गणी भर. नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. पुण्यात राहून पुस्तक मिळत नाही म्हणणं म्हणजे कमालच!

शाळांनी फी घेताना ग्रंथालयाचे पैसेही लावायचे आणि कपाटाला कुलूपही लावायचं, हा मुद्दा वेगळा. त्यावर मी वेगळा धागा काढणार आहे.

नववी_ब | २४ जून, संध्या. ६:१५

काकू, विकत घेता येईल हो. पण सर शंभर टक्के आहे म्हणाले ना. आता मला तेच पाहिजे.

दाखलक्रमांक | २४ जून, रात्री ८:५०

३१ वर्षं शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. तुझा धागा वाचून हसूही आलं आणि पोटातही कालवलं.

तुझे सर खोटं बोलत नाहीत. क्रम आहे, फक्त तो तुझ्यासाठी लावलेला नाही. कुठलंही पुस्तक उघड आणि पहिलं पान किंवा आतल्या शीर्षकाचं पान बघ. शाळेचा शिक्का असेल आणि त्यात शाईने एक आकडा. तो दाखल क्रमांक. शाळेत आलेलं पहिलं पुस्तक १, दुसरं २, असं वर्षानुवर्षं चालतं. बऱ्याच शाळांत पुस्तकं त्याच आकड्याने कपाटात लावतात. म्हणजे एका बिलात भूमितीचं गाइड, मधुमेह आणि चरित्राच्या दोन प्रती आल्या असतील तर त्या जन्मभर एकमेकांशेजारी राहणार.

असं का? कारण तपासणीच्या दिवशी एक जण नोंदवही घेऊन आकडे वाचतो, दुसरा कपाटासमोर उभा राहून "आहे, आहे, आहे" म्हणतो. दुपारपर्यंत मोजणी संपते. मोजायला ही रचना उत्तम आहे, वाचायला निरुपयोगी.

तेव्हा किल्ली मागू नकोस. दाखल नोंदवही माग. लांबट, जाड, कापडी पुठ्ठ्याची असेल. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत, बिल आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. त्या खोलीचा नकाशा म्हणशील तर तो हाच.

खडूफळा | २४ जून, रात्री ९:३५

मी शिक्षक आहे (शहर पुणेच, शाळा वेगळी). माझ्याकडेही ग्रंथालयाचा चार्ज आहे म्हणून दुसरी बाजू लिहितो.

विद्यार्थीसंख्या पुरेशी नसली की पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मिळत नाही. मग अर्धवेळ कुणीतरी, किंवा "सर, तुम्ही वाचता ना, तुम्हीच बघा". मी गणित शिकवतो. आठवड्याचे तास पूर्ण भरलेले, त्यात हे. चार्ज घेतला तेव्हा आधीच्या बाईंनी मला कागदावर ७,००० च्या वर पुस्तकं दिली आणि मी कागदावर सही केली. कपाटात किती होती हे मी मोजलं नाही, त्यांनीही मोजलं नव्हतं. उद्या मी निवृत्त होताना पुढच्या माणसाने मोजली तर? माझ्या आधीच्या एकांच्या निवृत्तीच्या कागदपत्रांना चाळीस पुस्तकांपायी चार महिने उशीर झाला होता. हे डोळ्यांनी पाहिलंय.

मुलांना पुस्तकं द्यायला मला आवडतं. पण दिलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे माझ्या नावावरची उधारी असते. कुलूप लावलं की झोप लागते, हे सरळ कबूल करतो.

पेठेतला_आगाऊ | २४ जून, रात्री ९:४८

पहिल्यांदाच या संस्थळावर कुणीतरी स्वतःची चूक स्वतःहून सांगतंय. धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

दाखलक्रमांक | २४ जून, रात्री १०:२०

सर, तुमचं दुखणं पूर्ण मान्य. मीही सुरुवातीची सहा वर्षं असंच केलं. फक्त एक सांगते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ वा नियम ग्रंथालयांचा आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली तर ते वाजवी धरावं असं तिथे छापील आहे. अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. तो नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्या अनुदानित खासगी शाळांना थेट लागू नाही. पण मी तो पान काढून संस्थेच्या बैठकीत ठेवला होता. पुस्तकं वापरली की काही जाणारच, हे सरकारलासुद्धा कळतं, आपल्याला का नको? त्यानंतर दरवर्षी थोडी पुस्तकं रीतसर निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची, परवानगी मिळाली.

यातली मेख लक्षात घ्या. ही सूट दिलेल्या पुस्तकांच्या हिशोबात आहे. कुलपात ठेवून हरवलेल्यांना ती मिळत नाही.

सिंहगडरोड_टेक | २५ जून, सकाळी ११:०२

हे सगळं २१व्या शतकात चाललंय? कोहा वापरा, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलं, २००० सालापासून चालू आहे. सर्व्हरवर टाकायला मी एका शनिवारी येतो. मोबाइलने आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक) स्कॅन केला की सगळी माहिती आपोआप भरते. दोन दिवसांचं काम.

दाखलक्रमांक | २५ जून, दुपारी २:४०

तुमची तयारी आहे हे छानच, पण दोन दिवस नाही हो. १३ आकडी आयएसबीएन आला २००७ साली, त्याआधी १० आकडी होता. आणि अशा शाळेतल्या अर्ध्याहून जास्त पुस्तकांवर यातलं काहीच नसतं. मराठी पुस्तक स्कॅन केलं की अनेकदा "माहिती उपलब्ध नाही" किंवा रोमन लिपीत काहीतरी भलतंच येतं. शेवटी हातानेच टंकायचं. मग आधी साध्या तक्त्यात टंका. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, कपाट-कप्पा. चार रकाने. पुढे कोहात न्यायचं तेव्हा तो तक्ता उपयोगी पडेलच.

सिंहगडरोड_टेक | २५ जून, दुपारी २:५५

पटलं. तक्त्याचा साचा बनवून देतो.

नववी_ब | ३० जून, रात्री ८:३०

नोंदवही मिळाली!! सरांना वाटलं होतं मी किल्ली मागणार. नोंदवही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, एका काकूंनी.

तीन वह्या आहेत. पहिली इतकी जुनी की पान उलटताना कोपरे हातात येतात. चार मधल्या सुट्ट्यांत मैत्रिणीने आणि मी पहिली वही पूर्ण वाचली. ती शीर्षक वाचते, मी बोट फिरवते. डबा तासाला खाल्ला (हे सरांना सांगू नका).

दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक. पहिल्या वहीत शीर्षकाच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलने बारीक आकडे घातलेत. ९२०, ५१०, ८९१.४६३ असे. १,१४० नंबरपर्यंत आहेत, मग एकदम बंद. हे काय आहे?

दोन. ८७१ नंबरला एक पुस्तक आहे, शीर्षकात "आकाश" आहे आणि शेजारी पेन्सिलने ५२३. बहुतेक हेच. पण शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने "पु." एवढंच लिहिलंय. आणि हे एकच नाही, मागेपुढे बऱ्याच ओळींना "पु." आहे. पु. म्हणजे काय?

पेठेतला_आगाऊ | ३० जून, रात्री ८:४१

पु. म्हणजे "पुणेरी". परत मिळणार नाही.

कोथरूडची_पालक | ३० जून, रात्री ८:५२

पुरस्कार म्हणून मुलांना वाटली असतील.

खडूफळा | ३० जून, रात्री ९:०४

पुनर्बांधणीला पाठवलेली. आमच्याकडे "पु.बां." लिहितात.

सिंहगडरोड_टेक | ३० जून, रात्री ९:१०

पुढील पान?

दाखलक्रमांक | ३० जून, रात्री ९:४५

पेन्सिलचे आकडे म्हणजे ड्यूईचं दशांश वर्गीकरण. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये छापलं. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग. ५०० विज्ञान, त्यात ५१० गणित, ५२० खगोल, ५२३ ग्रह-तारे. म्हणजे तुझा अंदाज बरोबर. तुमच्या शाळेत कधीतरी एक माणूस हे मनापासून करत होता आणि १,१४० वर थांबला. बदली झाली, आजारी पडला, की त्याला दुसरं काम लावलं, कोण जाणे.

आता तू लावायला बसशील तेव्हा ड्यूई जसाच्या तसा घेऊ नकोस. त्यात अमेरिकन साहित्याला ८१० पासून सबंध दहा आकडे, इंग्रजीला ८२० पासून दहा, आणि आपल्या मराठीला ८९१.४६ ही दशांशानंतरची एक खोली. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. मराठी शाळेत निम्मी पुस्तकं त्या एका खोलीत कोंबली जातात आणि पाठीवर नुसते लांबलचक आकडे दिसतात. मी गोष्टी, कविता, नाटक, चरित्र यांना रंगीत पट्ट्या लावल्या होत्या आणि बाकी विषयांना ड्यूईचे पहिले तीन आकडे. पाचवीतल्या मुलांनाही जमायचं.

"पु." चं मात्र मला माहीत नाही. लाल शाई म्हणजे शक्यतो कमी केलेली पुस्तकं.

शनिवारी_उगवणारा | ५ जुलै, सकाळी १०:१५

मी आठवड्यातून एकदा येतो, म्हणून उशीर.

"पु." म्हणजे "पुरात".

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं. मी तेव्हा सहावीत होतो. शाळा नदीजवळ आहे म्हणालीस, वह्या जुन्या आहेत म्हणालीस, आणखी काय असणार? आमच्या शाळेतही पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर सगळीकडे गाळ, आणि त्याचा वास. आम्हा मुलांना पुस्तकं गच्चीवर वाळत घालायला लावलं होतं. पान पान सुटं करून, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे. जुलै महिना, ऊन कुठलं? पाऊस आला की सगळी पळापळ. काही शिक्षकांनी पुस्तकं घरी नेली, चुलीशेजारी ठेवून सुकवली. त्यातली काही पुढे वर्षभराने परत येत होती. तोपर्यंत हिशोब बंद झालेला असायचा.

तू लाल शाईच्या शेजारी तारीख आहे का बघ.

नववी_ब | ७ जुलै, संध्या. ७:००

आजोबा, तुमचं बरोबर आहे. पानाच्या तळाशी मुख्याध्यापकांची सही आणि १९६२ ची तारीख आहे.

म्हणजे माझं पुस्तक साठ वर्षांपूर्वीच वाहून गेलं. सरांना दाखवलं. तेही थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बघ, आहे असं मला वाटत होतं, कारण मी शाळेत असताना ते पाहिलं होतं." (सर आमच्याच शाळेचे विद्यार्थी आहेत.)

पण त्यातून एक चांगलं झालं. सरांनी एक कपाट लावायची परवानगी दिली आहे. एकच. लाकडी, खिडकीजवळचं. शनिवारी शाळा सुटल्यावर, चौघी, आणि सर तिथेच पेपर तपासत बसणार. कसं करायचं सांगा.

दाखलक्रमांक | ७ जुलै, रात्री ९:३०

शाब्बास! आता नीट वाच.

सगळं कपाट एकदम खाली काढायचं नाही. हा मोह सगळ्यांना होतो, मग संध्याकाळी सहा वाजता जमिनीवर चारशे पुस्तकं आणि मामा कुलूप घेऊन दारात उभे. एका वेळी एकच कप्पा. काढलेल्या पुस्तकाच्या जागी दाखल क्रमांकाची चिठ्ठी.

पावसाळा आहे, तोंडाला रुमाल बांधा. पुस्तक खिडकीबाहेर धरून कोरड्या ब्रशने झटका. चंदेरी, चपळ किडे दिसले तर ती कसर, खळ आणि कागद खाते. मातीचे बोगदे दिसले तर वाळवी, मग हात लावू नका, सरांना सांगा, कपाटच हलवावं लागेल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्या, ओल तिथूनच येते. डांबरगोळ्यांचा मारा नको, बंद खोलीत मुलांना त्रास होतो. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी अजिबात नाही. चार वर्षांत पिवळी पडते, चिकट डाग सोडते आणि सुटताना अक्षरं घेऊन जाते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, पण ते विष आहे, तुम्ही घरी करू नका. फाटकी पुस्तकं बाजूला ठेवा, बाइंडरकडे जातील.

पाठीवरची चिठ्ठी खालून दोन बोटं वर, सगळ्यांची एका रेषेत. आणि बारीक पुस्तकं, ती बत्तीस पानी गोष्टींची, त्यांना पाठच नसते. जाड पुस्तकांच्या मध्ये उभी केली की ती मेलीच समज. कागदाच्या रिमचे खोके तिरके कापा, त्यात तोंड पुढे करून ठेवा, भाजीवाल्याकडे जुड्या असतात तशी.

खडूफळा | ७ जुलै, रात्री ९:५०

लेखक आडनावाने लावायचे ना? मग क्षीरसागर कुठे? बाराखडीत क्ष शेवटी, ज्ञ त्याच्या मागे. संगणकावर लावलं तर क्ष क मध्ये घुसतो. माझ्याकडे एका कपाटात शेवटी आहेत आणि एकात क मध्ये.

दाखलक्रमांक | ७ जुलै, रात्री १०:०२

जे पाहिजे ते ठरवा, पण एकच ठरवा आणि कपाटावर कागद चिकटवा. मी शेवटी ठेवत असे, कारण मुलांना बाराखडी तशी पाठ असते. टोपणनावांचा घोळ त्याहून मोठा. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच. एक नाव धरायचं आणि दुसऱ्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा: "शिरवाडकर: कुसुमाग्रज पाहा."





सिंहगडरोड_टेक | ८ जुलै, दुपारी १२:३०

तक्ता तयार आहे. दाखल क्रमांक दोनदा पडला तर लाल होतो. क्ष आणि ज्ञ शेवटी जातील अशी सोय केली आहे, त्यात काल रात्रीचे दोन तास गेले, कुणी हसू नका.

कोथरूडची_पालक | ८ जुलै, दुपारी १:१५

माझा शाळेच्या फीवरचा धागा काढायचा राहिला आहे, पण रिमचे खोके आमच्या ऑफिसात ढिगाने पडलेत. हवे असतील तर सांग, शाळेच्या गेटवर मामांकडे देऊन ठेवीन.

दाखलक्रमांक | १० जुलै, रात्री ८:१०

सरांसाठी एक जोडते, तुलाही उपयोगी पडेल. एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे शिक्षक, तुमच्यासारखेच. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र: पुस्तकं वापरासाठी असतात. चौथं: वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन असतो, शाळेत फोटोला हार घालतात. त्या दिवशी निदान कपाटं उघडी ठेवली तरी पुष्कळ.

खडूफळा | १० जुलै, रात्री ८:२२

माझ्याकडे उघडी असतील. इथे लिहिलं म्हणजे आता मागे फिरता येत नाही.

नववी_ब | २० जुलै, रात्री ८:०५

दोन शनिवार झाले. खोके मिळाले काकू, थँक्यू! कपाटातले तीन कप्पे लागले. १८६ पुस्तकं तक्त्यात आली, त्यातली नऊ नोंदवहीत कुठेच नाहीत. आणि नोंदवहीत ज्यांच्यासमोर "पु." नाही अशीही किती तरी कपाटात नाहीत. सरांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्यांना २१५ वा नियम सांगितला. त्यांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला.

आता खरी गोष्ट.

सगळ्यात खालच्या कप्प्यात दिवाळी अंक होते, दोन ओळींत, एकामागे एक. मागची ओळ कोणी कित्येक वर्षांत काढली नसावी. अंक बाहेर घेतले तर मागे फळीला टेकून एक पुस्तक आडवं. कव्हर नाही. पानं सगळी लाटांसारखी, पुस्तक मिटतच नाही, पंख्यासारखं उघडं राहतं. खालच्या कडेला दोन बोटं उंचीची तपकिरी रेषा, प्रत्येक पानावर, त्याच उंचीला. बोट लावलं तर बारीक माती लागते.

शिक्क्यात आकडा ८७१.

आम्ही चौघी ओरडलो. सर धावत आले, त्यांना वाटलं पाल.

मध्ये घडीचा नकाशा आहे, चार घड्या. एका घडीवर फाटलाय, पण सगळा आहे. वृश्चिक, ज्येष्ठा, सगळं. ग्रह नऊ आहेत, प्लुटो धरून. चंद्रावर माणूस पाठवता येईल का, असा एक अख्खा भाग आहे!

शनिवारी_उगवणारा | २६ जुलै, सकाळी १०:०५

कुणाच्या तरी चुलीशेजारी सुकलं असणार ते. परत आणून ठेवलं, पण वहीत "पु." लिहून झालं होतं. मग द्यायचं कुणाला आणि मागायचं कुणी?

आज वाचताना गच्चीवरचा तो वास परत आला. रेषा किती उंचीची आहे, परत एकदा सांगशील?

नववी_ब | २६ जुलै, दुपारी ४:३०

आजोबा, पट्टीने मोजली. खालून साडेतीन सेंटिमीटर. उजवीकडे जरा जास्त, पुस्तक तिरकं पडलं असेल.

कोथरूडची_पालक | २६ जुलै, संध्या. ५:१०

पानं इस्त्रीने सरळ होतील का? अगदी मंद, वर कापड ठेवून?

दाखलक्रमांक | २६ जुलै, संध्या. ५:१४

नको! कागद इतका जुना झाला की ठिसूळ होतो, उष्णतेने आणखी होईल. दोन-दोन पानांत टिपकागद, वर वजन, महिनाभर. सरळ नाही झालं तरी चालेल. नकाशाची फाटकी घडी मागून जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि साध्या खळीने जोडता येते, जाणत्या बाइंडरला विचार. तोपर्यंत तो उघडमीट करू नकोस, एकदा फोटो काढून घे.

एरवी मी जुनी विज्ञानाची पुस्तकं काढून टाका म्हणते. नऊ ग्रह वाचून मुलं पेपरात चुकतात. पण वृश्चिक साठ वर्षांत कुठे हललेला नाही. हे ठेवा.

खडूफळा | २६ जुलै, संध्या. ६:००

तांत्रिक प्रश्न. ते पुस्तक १९६२ मध्ये कमी झालंय. साठ्यातच नाही. मग देवघेव नोंदवहीत कुठल्या क्रमांकाने देणार? आधी नवीन दाखल क्रमांक, त्यासाठी ठराव, ठरावाला किंमत, किंमत कोण ठरवणार?

पेठेतला_आगाऊ | २६ जुलै, संध्या. ६:०४

पुरातून वाचलं, आता ठरावात बुडणार.

नववी_ब | २८ जुलै, रात्री ८:४५

खडूफळा सर, आमच्या सरांनीही आधी हेच म्हटलं. मग त्यांनी पहिली वही उघडली, ८७१ ची ओळ बघितली, वही मिटली. आणि मला म्हणाले, "हे बघ, कागदोपत्री हे पुस्तक शाळेत नाहीच. जे नाहीच ते तू घरी नेलंस, तर माझ्या नावावर काय पडणार?"

आमच्या वर्गात ग्रंथालयाचं पुस्तक घरी नेणारी मी पहिली. सही नाही, कार्ड नाही, परत करायची तारीख नाही. कपाटात त्याच्या जागी मी चिठ्ठी ठेवली आहे, त्यावर माझं नाव आणि तुकडी. ती सरांनी नाही सांगितली, मीच ठेवली. आत्ता पुस्तक आईच्या पोळपाटाखाली आहे, टिपकागद घालून.

पेठेतला_आगाऊ | २८ जुलै, रात्री ८:५१

आणि तुझ्याकडून हरवलं तर?

नववी_ब | २८ जुलै, रात्री ८:५३

तर शेरा आधीच लिहिलेला आहे काका.